पायरीवरची बरणी

नगरपालिकेच्या पायरीवर रोज सकाळी काचेची एक बरणी ठेवलेली असे. शिपाई पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पुलाखाली उतरायचा, नदीच्या धारेत बरणी बुडवायचा आणि ती भरलेली बरणी जिवापाड सांभाळत वर आणायचा. मागे पांढरी फरशी उभी केलेली होती. तिच्यापुढे बरणी ठेवली की पाण्यात रंगाचा एवढासा अंश असला तरी येणाऱ्याजाणाऱ्याला दिसे. पाणी नितळ असलं तर रंगवाल्यांच्या गल्लीतले कारखाने सुरू. पाण्यात लाली, निळाई, काहीही दिसलं, तर बरणी पुन्हा नितळ होईपर्यंत अख्खी गल्ली बंद. नियम इतका सोपा होता, की शाळेत न गेलेल्या माणसालाही तो तपासता येई, आणि हा नियम आणणाऱ्या नगरसेविकेला त्याचंच फार कौतुक होतं.

तिला सगळे बरणीताई म्हणत. आधी टिंगल म्हणून म्हणत, मग लाडानं म्हणू लागले. ती जन्मली त्याच गल्लीत. लहानपणी शाळेत जाताना नदीकडे बघून ती सांगायची, आज आपल्याकडे लाल काढलाय, शेजारी पिवळा. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पुढे मासे मेले, नदीकाठच्या झाडांची पानं करपली, वास घरात शिरायला लागला, आणि रंगवाल्याची ही मुलगी नदी स्वच्छ करते म्हणून निवडणुकीला उभी राहिली. गल्लीनं तिच्या नावानं बोटं मोडली. घरचं खाऊन घरचेच वासे मोजते, म्हणाले. गल्लीतून तिच्या पाठीशी उभा राहिला एकच माणूस, तिचा थोरला भाऊ. तो रंगवाल्यांचा म्होरक्या होता. भर बैठकीत तो म्हणाला होता, ‘‘माझी बहीण आहे. तिचा शब्द खाली पडू देणार नाही.’’ ते वाक्य ती अजूनही शब्दन् शब्द म्हणून दाखवी.

ती निवडून आली. गल्लीच्या खालच्या अंगाला नगरपालिकेनं सांडपाणी शुद्ध करण्याच्या टाक्या बांधल्या, घराघरापासून तिथवर नळ टाकला, आणि बरणीचा नियम झाला. पहिल्या महिन्यात बरणी तीनदा लाल झाली. कारखाने बंद पडले, मजूर दारात येऊन बसले, नगराध्यक्षांनी तिला खोलीत बोलावून राजीनाम्याची भाषा केली. आणि मग, देव पावावा तशी, बरणी नितळ झाली. ती झाली ती झालीच. वर्षं गेली, पण तिच्यात पुन्हा कधी रंगाचा डाग आला नाही. मासे परतले. पुलाच्या कठड्यावर खंड्या बसू लागला. दुसऱ्या गावांचे नगरसेवक गाड्या भरून पायरीवरची बरणी बघायला येऊ लागले, आणि बरणीताई त्यांना तीच गोष्ट त्याच हातवाऱ्यांनी सांगायची. शिपायाला ती तोंडपाठ झाली होती. ती कुठे थांबणार आणि पाहुणे कुठे हसणार हे त्याला आधीच माहीत असे.

एकदा तिनं भावाला विचारलं होतं, ‘‘दादा, टाक्या तर लहानच बांधल्या रे. खर्च कमी दाखवला म्हणून मंजूर झाल्या. मग एवढं पाणी मावतं कसं?’’

‘‘मावतंय ना? झालं तर मग,’’ तो म्हणाला होता.

तिनंही मग खोदून विचारलं नाही. आंबट लागेल या भीतीनं माणूस फोड चाखतच नाही, तसं तिनं केलं. उलट टाक्यांकडे पाणी कमी येतंय हे इंजिनियरनं सांगितल्यावर ‘रंगवाल्यांनी केलेली पाण्याची बचत’ असा एक मुद्दा तिनं आपल्या भाषणात वाढवला.

मग एका वर्षी आधी तिची आई गेली. पायांवर सूज आली, मग तोंडावर, आणि मग माणूसच सुस्तावत गेलं. वय झालं होतं, सगळे म्हणाले. गल्लीतले आणखी दोन म्हातारे तसेच गेले. त्यांचंही वय झालं होतं. मग एक दिवस दादाच्या मुलीचे डोळे सुजून बारीक झाले, आणि तिचं काही वय झालेलं नव्हतं. ती नुकती कुठं शाळेत जायला लागली होती. तिला सगळे चिमणी म्हणत, कारण ती एका जागी बसत नसे.

रुग्णालयात ती एका जागी पडून होती. डॉक्टरीणबाईंनी बरणीताईला वऱ्हांड्यात घेतलं.

‘‘मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडलीत. एवढ्या लहान मुलीला हे असं आपोआप होत नाही. घरी पाणी कुठलं पिता?’’

‘‘विहिरीचं. परसातली विहीर आहे.’’

‘‘त्याच गल्लीत?’’

‘‘हो. पण नितळ आहे हो,’’ वहिनी मागून म्हणाली. ‘‘सुई पडली तरी तळाला दिसेल.’’

‘‘तुमच्या गल्लीतलं यंदाचं हे पहिलं माणूस नाही,’’ डॉक्टरीणबाई वहिनीकडे न बघता म्हणाल्या. ‘‘मी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवते. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर पाणी बदला. सगळ्यांचंच.’’

बरणीताईनं मान डोलावली. पण पायऱ्या उतरता उतरता तिचं डोकं वेगळंच चालू लागलं. त्याच आठवड्यात बाहेरून मोठं शिष्टमंडळ येणार होतं, बरणी बघायला. अशा वेळी गल्लीतल्या विहिरी बंद करा म्हटलं, तर तासाभरात गावभर बोभाटा झाला असता. आणि खरंच पाण्याचा दोष नसला तर? विहिरीत उंदीर मेला असेल, काही कुजलं असेल. ती परत वर गेली आणि वहिनीला म्हणाली, ‘‘वहिनी, तूर्त उकळून द्या तिला. चांगलं खळखळून. मी बघते काय ते.’’

‘‘बरं वन्सं,’’ वहिनी म्हणाली. वन्संचा शब्द तिनं कधी ओलांडला नव्हता.

आता ‘मी बघते’ म्हटलंय तर बघायला हवं. पाणीखात्याचा इंजिनियर तरुण आणि अबोल होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. ‘‘नळ कुठे तरी फुटला असेल,’’ तो म्हणाला. ‘‘सांडपाणी जमिनीत झिरपून विहिरीला लागत असेल. शोधायचा एक मार्ग आहे.’’ त्यानं कपाटातून एक डबा काढला. त्यात तपकिरी पूड होती. पाण्यात पडली की ती हिरवीगार होते, चिमूटभर टाकली तरी हौदभर पाणी चमकतं, पोटात गेली तरी अपाय नाही. गल्लीच्या वरच्या टोकाला, म्हणजे दादाच्याच कारखान्याच्या नालीत, ती ओतायची आणि खाली टाक्यांपाशी वाट बघायची. हिरवं पाणी तिथं भरपूर आलं तर नळ धड. कमी आलं तर वाटेत गळती.

‘‘पण आमचे रंग तर जमीन गिळून टाकते,’’ बरणीताई म्हणाली. कितीही झालं तरी रंगवाल्याची मुलगी. ‘‘मातीतून गाळून आलेलं पाणी पांढरंच येतं.’’

‘‘म्हणून तर ही पूड. ही मातीला चिकटत नाही. पाणी जिथं जातं तिथं ही जाते.’’

दादा कारखान्यात कढईपाशी उभा होता. तीन दिवस त्याची दाढी झालेली नव्हती. काम बंद ठेवता येत नव्हतं आणि कामात लक्ष लागत नव्हतं. एकच सूत तो पुन्हा पुन्हा वर काढून बघत होता. बहिणीच्या हातातला डबा बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

‘‘हे उगाच कशाला आता? नळ पक्का आहे.’’

‘‘चिमणीसाठी, दादा.’’

त्यानं हातातलं सूत परत कढईत सोडलं. मग खांदे उडवून म्हणाला, ‘‘ओत. रंगच आहे ना? जमीन घेईल.’’

काळजीनं तो काहीबाही बोलतोय असं तिला वाटलं. तिनं स्वतःच्या हातानं पूड कालवली आणि नालीत ओतली. भिंतीखालच्या भोकातून हिरवी धार निमूटपणे आत शिरली. त्या गल्लीत एवढा सुंदर हिरवा कुणीच कधी काढला नव्हता, आणि तिच्या मनात तेव्हा तेवढंच आलं.

टाक्यांपाशी इंजिनियर आणि ती बाकावर बसून राहिली. नळाच्या तोंडातून करंगळीएवढी धार येत होती, तीही शेजारच्या वस्तीतल्या मोऱ्यांची. दुपार झाली. ऊन कलंडलं. हिरवा काही आला नाही. कमी आला नाही, फिका आला नाही, मुळी आलाच नाही.

‘‘मोठी गळती दिसते,’’ ती म्हणाली.

‘‘सगळंच्या सगळं गळत नसतं, ताई,’’ इंजिनियर म्हणाला. ‘‘सकाळी खणून बघू.’’

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी दादाच्या भिंतीबाहेर नळ उघडा केला. दोन माणसांनी झाकण उचललं. आत कोरडं ठणठणीत. ओल नाही, रंगाचा थर नाही. जळमटं होती, आणि त्यातला कोळी उजेड लागताच आत पळाला. या नळातून गेल्या कित्येक वर्षांत थेंबभर पाणी गेलं नव्हतं. इंजिनियरनं तिच्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. त्याला समजलं होतं. तिलाही समजलं होतं, पण समजलेलं आत उतरायला वेळ लागत होता. कारखान्यात जाऊन तिनं नालीच्या कडेनं भोकापर्यंत माग काढला. भिंतीपलीकडे, परसात, नाली एका फळीखाली शिरत होती. फळी उचलली. खाली जुनी कूपनलिका होती, पाणी आटलं म्हणून वडिलांच्या वेळेस सोडून दिलेली. तोंडाशी लाल, निळे, काळे थर चढले होते आणि सगळ्यांत वर ताजा हिरवा. तिथून विहीर हाक मारली तर ऐकू येईल इतकी जवळ होती.

दादा घरी नव्हता. वहिनीनं पहाटे पाणी उकळलं आणि ते घेऊन दोघं रुग्णालयात गेले, असं शेजारणीनं सांगितलं.

बरणीताई धावत सुटली. अख्ख्या गावानं आपल्या नगरसेविकेला तसं धावताना पहिल्यांदाच पाहिलं.

खाटेशेजारी दादा बसला होता. वहिनी पायाशी. दादानं स्टीलच्या बाटलीतलं पाणी नुकतंच काचेच्या पेल्यात ओतून, न बघताच, लेकीच्या हातात दिलं होतं. खिडकीतून ऊन येत होतं. पेला चमकत होता. पहाटेच्या अंधारात, काळ्या पातेल्यात, वहिनीला ते दिसलं नव्हतं. चिमणीला मात्र दिसलं. सुजलेल्या पापण्या उघडून ती किती तरी दिवसांनी हसली.

‘‘आत्या, बघ, बाबांनी सरबत आणलं!’’

बरणीताईनं पेला तिच्या ओठांवरून हिसकला. तो खाली पडून फुटला. चिमणी रडू लागली, आणि फरशीवर हिरवं पाणी पसरत गेलं. दादा त्याच्याकडे बघत राहिला. आयुष्यभर रंगाला नजरेनं जोखणारा माणूस तो. हा हिरवा कुठून आला हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

‘‘जमीन गिळते रंग,’’ तो पुटपुटला. ‘‘आजवर एवढे ओतले, कधी आला का वर? एवढासा तरी आला का?’’

वऱ्हांड्यात तिनं त्याच्या दंडाला धरलं. ‘‘किती वर्षं?’’

‘‘पहिल्या महिन्यापासून.’’

‘‘सगळे?’’

‘‘सगळे. टाक्या भरून वाहायच्या गं. तीनदा बरणी लाल झाली. तुला घालवणार होते. मी सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, बहिणीचा शब्द आहे, नदीत थेंब जाता कामा नये. जुन्या कूपनलिका होत्या प्रत्येकाकडे. जमिनीत जागाच जागा. विहिरीचं पाणी रोज स्वतः बघत होतो मी. काचेत घेऊन, उन्हात धरून. पांढरंशुभ्र! बाबा म्हणायचे ना, ज्या पाण्यात रंग नाही त्यात पाप नाही.’’

‘‘मला का नाही सांगितलंस?’’

‘‘तू विचारलंस?’’ तो एकदम तडकला. ‘‘एकदा विचारलंस, आणि मी झालं म्हटल्यावर तुझ्या तोंडावर केवढी सुटका दिसली, ते मी पाहिलंय. तू बरणी बघायचीस. मीही तेच बघत होतो. तूच शिकवलंस आम्हाला काय बघायचं ते.’’

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. यातलं तिनं काहीच केलं नाही. मातीनं रंग तेवढा ठेवून घेतला होता आणि रंग पक्का करायला घालतात ते सगळं विष पाण्याबरोबर जाऊ दिलं होतं. ते उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं, हे डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं, अगदी हळू आवाजात, कारण वहिनी जवळच उभी होती.

पण वहिनीनं ऐकलं. या सगळ्यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. गल्लीतल्या एकाही बाईला माहीत नव्हतं. पुरुषांनी कारखान्यात बसून ठरवलं होतं, आणि बायका परसात पाणी भरत होत्या.

‘‘मी उकळत होते हो,’’ ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. ‘‘एक वेळ चुकवली नाही. इथलं पाणी तिला आवडत नव्हतं म्हणून मुद्दाम घरून आणत होतो. वन्संनी सांगितलं होतं ना, खळखळून उकळा म्हणून.’’

डॉक्टरीणबाईंनी बरणीताईकडे बघितलं. ‘पाणी बदला’ असं त्या म्हणाल्या होत्या. त्या दोघींनाच ते नीट आठवत होतं, आणि डॉक्टरीणबाई चिमणीच्या खाटेकडे वळल्या.

बरणीताई तडक नगराध्यक्षांकडे गेली. त्यांनी दार लावून घेतलं, सगळं ऐकलं, कपाळ चोळलं. वाईट माणूस नव्हता तो. दगडाखाली हात सापडलेला माणूस होता.

‘‘गल्लीत टँकर पाठवू. आजच. विहिरींना कुलपं लावू, दुरुस्ती म्हणून. पण पाहुणे जाईपर्यंत बाकी काही बोलू नका. चार दिवसांनी काय बिघडतंय?’’

‘‘मागच्या वेळी मीही असंच म्हटलं होतं,’’ ती म्हणाली आणि उठली.

ती गल्लीत दारोदार फिरली. विहिरीचं पाणी तोंडात घालू नका, उकळूनसुद्धा नको, धुणीभांडी नको. पुरुष खाली बघत. बायका विचारत, का हो, रंग कुठं दिसतोय? एकीनं कळशी पुढे करून दाखवली, पाणी आरशासारखं. बरणीताई त्यांना सांगत राहिली, आणि कुणाला पटेना. डोळ्यांना दिसतं तेच खरं, ही शिकवण तिनंच तर गावाला दिली होती. पण पुढच्या दोन दिवसांत हिरवा एकेका परसात उगवत गेला. शेवटच्या विहिरीपर्यंत पोचला, तेव्हा गल्लीत कुणी काही विचारायचं उरलं नाही. नवऱ्यांकडे बघणाऱ्या बायका आणि कुठेच न बघणारे नवरे, एवढंच उरलं. दादा आपणहून पोलीस चौकीत गेला. सगळं मीच ठरवलं, बाकीच्यांना मीच भरीला घातलं, बहिणीला यातलं काही माहीत नव्हतं, असं त्यानं तिथं सांगितलं. शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही त्याची खोड तिथंही गेली नाही.

चिमणीला मोठ्या शहरात न्यायचं ठरलं होतं. गाडी यायच्या आधीच, दुपारच्या वेळी, ती गेली.

पाहुणे ठरल्या दिवशी आले. आता त्यांना नको म्हणायला उशीर झाला होता, असं नगराध्यक्ष म्हणाले. सकाळी सवयीनं शिपाई पुलाखाली गेला आणि बरणी भरून घेऊन आला. कारखाने बंद होते, नदी झऱ्यासारखी वाहत होती. पाहुणे पायरीपाशी अर्धवर्तुळ करून उभे राहिले. बरणीताईनं ठरवलं होतं, नेहमीची गोष्ट सांगायची नाही, झालेलं सगळं सांगायचं. आधी आपलं, मग दादाचं. तिनं तोंड उघडलं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत वहिनी आली. हातात चिमणीची शाळेतली पाण्याची बाटली होती, आरपार दिसणारी, आणि ती परसातल्या विहिरीच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली होती. पांढऱ्या फरशीपुढे, बरणीला खेटून, तिनं ती ठेवली. ऊन पडलं होतं. हिरवा इतका तेजस्वी दिसत होता, की एका पाहुण्यानं नकळत ‘वा’ म्हटलं.

‘‘यातलं नदीचं कुठलं?’’ त्यानं विचारलं.

बरणीताईनं बरणीकडे बोट केलं. गेल्या आठवड्यापर्यंत दोन्ही सारखीच नितळ होती, एवढंच सांगायला ती पुढे झाली. वहिनी तिच्याकडे वळली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं नणंदेला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नव्हती. गावानं ठेवलेलं ते नाव तर ती कधी थट्टेतही घेत नसे.

‘‘बरणीताई,’’ ती म्हणाली, ‘‘तुमची बरणी आज अगदी नितळ आहे.’’

आणि ती पायऱ्या उतरून गेली. बरणी खरोखरच नितळ होती. तिच्यातून मागच्या फरशीवरचा बारीक तडासुद्धा दिसत होता.